आर्द्रात मेंढा सोडा, आश्लेषा लागलं की काढा

माननीय संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

विषय : मेंढ्यांचं वेत एकाच हंगामात धरण्याबाबत.

पाऊसकाळ सुरू झाला की आपल्या पेपरला एक बातमी ठरलेली असते. अमक्या गावच्या माळावर पावसानं एवढी कोकरं दगावली, मेंढपाळाचं एवढं नुकसान, पंचनामा करून भरपाई द्यावी अशी मागणी. बातमी खरी असते, नुकसान पण खरं असतं आणि भरपाई मिळालीच पाहिजे यात वाद नाही. पण त्या बातमीत एक गोष्ट कुणीच विचारत नाही, की ऐन पावसात, चिखलात, आठ-पंधरा दिवसांची एवढी कोकरं वाड्यावर, म्हणजे मेंढपाळाच्या मुक्कामावर, होतीच कशी? मेंढीचे दिवस साधारण 150, म्हणजे पाच महिने. जुलैच्या शेवटाला कोकरू जन्मलं म्हणजे मेंढी फेब्रुवारीच्या शेवटाला फळली होती, तेव्हा खांडात, म्हणजे कळपात, नर मोकळा होता, आणि आपल्याकडं तो बारा महिने मोकळाच असतो.

मी सांगोला तालुक्यातला मेंढपाळ. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या बकरीच आहेत (आम्ही मेंढरांना बकरीच म्हणतो), मी शिकलो तरी धंदा हाच धरला. आपल्या पेपरातनं मला जिल्ह्यातल्या सगळ्या मेंढपाळांना आणि पशुसंवर्धन खात्याला एकच सांगायचंय, नर वर्षभर खांडात ठेवू नका. आर्द्रा नक्षत्र लागलं की सोडा आणि आश्लेषा लागलं की काढा. मधे 42 दिवस. नोव्हेंबरच्या मध्यापासनं डिसेंबर संपेपर्यंत सगळी मेंढरं व्यालेली पाहिजेत, त्याच्या आधी नाही आणि पुढं पण नाही.

हे 42 दिवस कुठनं आले ते सांगतो. मेंढी साधारण दर 17 दिवसांनी माजावर येते आणि माज टिकतो एक-दीड दिवस. म्हणजे 42 दिवसांत माजावर येणाऱ्या प्रत्येक मेंढीला दोन संधी तरी मिळतात, जवळजवळ निम्म्या मेंढ्यांना तीन मिळतात. अंगानं बरी असलेली मेंढी चांगल्या नराकडनं दोन-तीन माजांत पण गाभण राहिली नाही तर दोष मेंढीत आहे, तिच्यासाठी नर अजून चार महिने फिरवत ठेवून काय मिळणार? आणि आपली पावसाची नक्षत्रं बघा, आर्द्रा लागतं 21-22 जूनला, मग पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस, मग पुष्य म्हणजे म्हातारा पाऊस, आणि 2-3 ऑगस्टला आश्लेषा. तीन नक्षत्रं चौदा-चौदा दिवसांची, बरोबर 42 दिवस होतात. आमच्या म्हाताऱ्या माणसांना इंग्रजी महिन्याच्या तारखा सांगितल्या तर पुढच्या आठवड्याला विसरतात पण नक्षत्र विसरत नाहीत, म्हणून मी सगळ्यांना असंच सांगतो. 22 जूनला फळलेली मेंढी 19 नोव्हेंबरच्या आसपास विते आणि ऑगस्टच्या सुरुवातीला फळलेली डिसेंबरच्या शेवटाला.

आता हाच काळ का, तर आपल्या सोलापूरचा पाऊस बघून. आपल्याकडं जून-जुलै कधीकधी नुसत्या ढगावर जातात, भरवशाचा पाऊस सप्टेंबरातला, उत्तरा-हस्ताचा. माळाला खरं गवत सप्टेंबर ते नोव्हेंबर. आणि पोटातल्या कोकराची जी वाढ होते त्यातली जवळजवळ 70 टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, म्हणजे मेंढीला सगळ्यात जास्त खायला लागतं ते तेव्हा. आर्द्रात फळलेल्या मेंढीचे हे सहा आठवडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतात, माळावर गवत असतं तेव्हाच. व्याली की पुढं बाजरी, मका, उडीद, सोयाबीन निघालेली रानं मोकळी, मग तुरीचा पाला, फेब्रुवारीपासनं हरभऱ्याची आणि ज्वारीची रानं. मंगळवेढ्याकडची मालदांडी काढून होते तोवर कोकरं अडीच-तीन महिन्यांची होऊन आपल्या तोंडानं चरायला लागलेली असतात. एप्रिल-मेला माळ करपतो तेव्हा मेंढीच्या कासेला कोकरू नसतं, तिला फक्त स्वतःचं पोट भरायचं असतं.

याच्या उलट फेब्रुवारी-मार्चात फळलेली मेंढी. तिचे शेवटचे सहा आठवडे जून-जुलैत, उन्हाळ्यानं हाडं वर आलेली, माळावर अजून काही उगवलेलं नाही, पोटात वाढणारं कोकरू आणि खायला काय तर वाळकी काडी. अशी मेंढी व्यायला झाली की पान्हा नाही, कोकरू जन्मतानाच बारीक, वर रात्री पाऊस. ते कोकरू जगलं तरी वर्षभर खुरटंच राहतं.

कुणी म्हणेल नोव्हेंबर-डिसेंबरात थंडी असते. असते ना. पण आपली थंडी कोरडी आहे. कोकरू कोरडं असलं, जन्मल्यावर तासाभरात पोटात चीक गेला आणि वाघरीला, म्हणजे वाड्याभोवतीच्या जाळीला, वाऱ्याच्या बाजूनं पोती बांधली तर ते थंडी काढतं. ओलं झालं की नाही काढत. माळावर मेंढरं राखणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल.

बायकांचा विषय निघाला तर जरा सविस्तर लिहितो, कारण मेंढीपालनावरच्या लेखांत, योजनांच्या जाहिरातीत गडी माणूसच दिसतो, डोक्याला पटका आणि खांद्यावर काठी. सकाळी खांड चरायला गेलं की वाड्यावर मागं राहतात बायका आणि कोकरं. कोकरांना पाला आणणं, जाळीखाली झाकणं, कुत्र्या-घारीपासनं राखणं, संध्याकाळी खांड परत आलं की दोन्हीकडनं एकच ओरडा उठतो त्यात कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं हे ओळखून बरोबर कासेला लावणं, जी मेंढी पाजत नाही तिचा पाय धरून पाजवणं, हे सगळं बाई करते. रात्री मेंढी अडली तर उठते पण तीच. वर्षभर वेत चालू असलं की आज एक व्याली, परवा दोन, पुढच्या आठवड्यात एक, असं बारा महिने चालतं आणि त्या बाईला सलग झोप म्हणून मिळत नाही. वाडा हलवायचा असेल तर घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर ओली कोकरं, कडेवर आपलं पोर. सगळी मेंढरं दीड महिन्यात व्याली तर तो दीड महिना मरणाचं काम आहे हे मान्य, पण तो दीड महिना ठरवून एका जागी वाडा ठेवता येतो. त्याच दिवसांत खरिपाची रानं मोकळी असतात, शेतकरी स्वतः येऊन सांगतो लेंडीखतासाठी माझ्या रानात बकरी बसवा म्हणून, त्याच्याशी आधीच बोलून पाण्याजवळचं रान धरता येतं, पाहुण्यातलं एखादं माणूस मदतीला बोलावता येतं. पुढं वाट चालायची वेळ येते तेव्हा कोकरं पायावर चालणारी असतात.

आणि एक फायदा असा की जिचं कोकरू मेलं त्या मेंढीला दुसऱ्याचं कोकरू लावता येतं. एका मेंढीला जुळं झालं, तिला दूध एकापुरतंच, आणि त्याच रात्री शेजारी एकीचं मेलेलं निघालं. मेलेल्या कोकराचा ओलावा, वार, लगेच जुळ्यातल्या एकाच्या अंगाला चोळायची, डोकं-पाठ-शेपूट नीट चोळायचं, आणि त्या मेंढीच्या तोंडापुढं ठेवायचं. ती हुंगते, थांबते, परत हुंगते आणि चाटायला लागते. चाटायला लागली की काम झालं. हे कधी जमतं, तर दोघी एकाच वेळी व्याल्या तर. एक ऑगस्टात आणि दुसरी ऑक्टोबरात व्याली तर जुळ्यातलं एक मरणारच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळं देणारा जीन आपल्या दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा तयार केली, फार मोठं काम आहे ते, आपल्या भागात पण लोक त्या मेंढ्या विचारायला लागलेत. पण जुळी कोकरं जगवायची असतील तर वेत एकत्र पाहिजे, नाहीतर जास्तीचं कोकरू नुसतं मोजायला.

औषधाचं सांगतो, हे खात्यातल्या लोकांनी पण वाचावं. जंताचं औषध आपण सगळे अल्बेंडाझोल पाजतो, स्वस्त आहे, मिळतं. पण हे औषध मेंढी गाभण राहिल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात पाजायचं नसतं, पोटातल्या गर्भाला धोका असतो. आता ज्या खांडात नर बारा महिने फिरतोय तिथं कुठल्याही दिवशी औषध पाजा, दोन-चार मेंढ्या पहिल्या महिन्यात असणारच, आणि कुठल्या ते कुणालाच माहीत नाही. नर आर्द्रात सोडायचा ठरलं असेल तर मिरगात सगळ्यांना बिनधास्त पाजा, एक पण गाभण नसते.

लसीचं पण तसंच. आंत्रविषाराची लस, ज्याला सगळे ईटी म्हणतात, ती मेंढी व्यायच्या साधारण महिनाभर आधी दिली तर चिकातनं कोकराला संरक्षण मिळतं. महिनाभर आधी म्हणजे कधी, हे वर्षभर वेत असलेल्या खांडात ठरवताच येत नाही. एकत्र वेत असेल तर दसरा-कोजागिरीच्या आसपास एकदा सगळ्यांना दिली की झालं. कोकरांना पीपीआर या साथीच्या रोगाची लस तीन-चार महिन्यांची झाल्यावर, आणि ही लस कुपीत पावडर असते, एकदा पाणी घालून कालवली की बर्फावर ठेवून दोन तासांत संपवावी लागते. डॉक्टर कुपी फोडणार कधी, तर पुरेशी कोकरं असली तर. एका वाड्यावर पाच कोकरं लसीच्या वयाची, सात अजून दुधावरची, चार आधीच विकलेली, मग डॉक्टर म्हणतो पुढच्या महिन्यात बघू, आणि तो पुढचा महिना येत नाही. आमच्या भागात एका शिबिरात असंच झालं, लस आली, बर्फाची पेटी आली, आणि निम्मी कोकरं वयात बसत नाहीत म्हणून तशीच राहिली. त्यात डॉक्टरांची चूक नव्हती. मार्चच्या शेवटाला सगळी कोकरं एका वयाची असती तर एका सकाळी गावाचं गाव उरकलं असतं.

आता नराचं. याच्यावर आपल्याकडं भाव भरपूर आणि काळजी कमी. जत तालुक्यातल्या माडग्याळच्या नराला, ते पोपटासारखं वाकडं नाक बघून, लाखांत बोली लागतात, पेपरला फोटो येतात. चांगला नर घ्यावाच, पण त्या नराचा मे महिना कुठं गेला ते कुणी बघत नाही. नराच्या अंगात बी तयार व्हायला साधारण सात आठवडे लागतात, म्हणजे आर्द्रात जे बी वापरात येणार ते मेच्या उन्हात तयार झालेलं असतं. आपल्याकडं मेमध्ये 42-43 डिग्री, नर दिवसभर माळावर उन्हात, अंडाच्या पिशवीला ऊन, मग जूनमध्ये नर उड्या मारतो पण मेंढ्या राहत नाहीत आणि दोष जातो मेंढ्यांना. एप्रिलच्या शेवटापासनं नराला दुपारी सावली, भरपूर पाणी, सकाळ-संध्याकाळ चराई, रोज थोडा भरडा आणि पेंड, एवढं केलंच पाहिजे. सोडायच्या आधी हातानं चाचपून बघा, दोन्ही बाजू सारख्या, घट्ट, गाठ नाही, सूज नाही. पायाची खुरं बघा, लंगडा नर मेंढीवर चढत नाही. पंचवीस-तीस मेंढ्यांना एक मोठा नर लागतो, कोवळा असेल तर पंधरा-वीसच. शंभर मेंढ्यांत एक नर ठेवून दीड महिन्यात वेत आवरणार नाही, हे आधीच सांगतो, मग मला शिव्या देऊ नका.

आणि रोहिणी लागलं की, म्हणजे 25 मेच्या आसपास, नर खांडातनं पूर्ण बाजूला काढा. नुसतं पोटाखाली फडकं बांधून खांडातच ठेवला तर फळणं थांबतं, पण वास आणि आवाज चालूच राहतो. मेंढीला महिनाभर नराचा वास नाही, आवाज नाही, दिसला नाही, आणि मग एकदम नर समोर आला की उन्हाळ्यात माज बंद पडलेल्या मेंढ्यांपैकी बऱ्याच पुन्हा चालू होतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत आतल्या आत चक्र सुरू होतं पण पहिला माज मुका असतो, दिसत नाही, खरा माज अडीच-साडेतीन आठवड्यांनी येतो. म्हणून पहिल्या पंधरवड्यात नर रिकामा फिरताना दिसला तर घाबरू नका, तरण्या पावसात आणि म्हाताऱ्याच्या सुरुवातीला खरी गर्दी असते. नर शेजारच्या गावाशी बदलून घेतला तर अजून चांगलं, अनोळखी नराचा असर जास्त होतो, आणि बाप-लेकीचा मेळ पण टळतो.

इंग्लंड-स्कॉटलंडकडं हा प्रश्न येत नाही. तिकडं उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात दिवसाच्या लांबीत एवढा फरक असतो की दिवस लहान व्हायला लागले की सगळ्या मेंढ्या बरोबरच माजावर येतात आणि वसंतात बरोबरच वितात. आपण विषुववृत्ताच्या जवळ, दिवस-रात्रीचा फरक थोडा, त्यामुळं आपली मेंढी खायला मिळालं तर कुठल्याही महिन्यात माजावर येऊ शकते. याचा लोक अभिमान सांगतात की आमची मेंढी बारमाही आहे. चांगलंच आहे, पण मग हंगाम धरायचं काम निसर्ग करत नाही, ते आपल्याला करावं लागतं.

कुठली मेंढी कधी फळली हे कळायला साधा उपाय. गेरू करडईच्या तेलात घट्ट कालवायचा आणि नराच्या छातीला, पुढच्या दोन पायांच्या मधे, दोन-तीन दिवसांनी लावत राहायचा. नर चढला की मेंढीच्या ढुंगणावर लाल शिक्का पडतो. सतरा दिवस झाले की गेरू बंद करून काजळी कालवायची. आता ज्या लाल मेंढीवर काळा शिक्का पडला ती उलटली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली. दोन-चार उलटणारच, पण निम्म्या मेंढ्या लालाच्या काळ्या व्हायला लागल्या तर समजायचं नरात खोट आहे, आणि ते जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातच कळतं, नर बदलायला अजून तीनेक आठवडे हातात असतात. एरवी हे कळतं डिसेंबरात, मेंढ्या व्याल्या नाहीत तेव्हा. ऑइलपेंट मात्र लावू नका, लोकर खराब होते, घोंगडीवाला घेत नाही.

खाण्याचं राहिलं. नर सोडायच्या दोन-तीन आठवडे आधीपासनं मेंढीला रोज पाव किलो भरडा मिळाला तर जास्त मेंढ्या माजावर येतात आणि टिकून राहतात. शंभर मेंढ्यांना रोज 25 किलो, 21 दिवसांचे 5 क्विंटल 25 किलो मका. हे ऐकून आमच्यातले लोक उठून जातात, आणि बरोबर आहे, जूनच्या तोंडाला कुणाकडं एवढा पैसा असतो? माझं म्हणणं असं की सगळ्यांना देऊ नका. मेंढीच्या कमरेवर अंगठा ठेवून बघा, लोकरीवरनं दिसत नाही, हात लावावाच लागतो. मणक्याचं हाड करवतीसारखं टोचतंय ती बाजूला काढा, तिला द्या. हाडावर मांस आहे, दाबल्यावर गोल लागतंय तिला गरज नाही. एप्रिल-मेला बाभळीच्या शेंगा गोळा करून पोती भरून ठेवा, आमच्या आज्या ठेवायच्या, त्या शेंगा आणि तुरीचा भुसा यावर बरंच भागतं. आणि भरडा पहिल्या दिवशी एकदम पाव किलो नको, मुठीनं सुरू करा, नाहीतर पोट फुगून मेंढी जाईल.

आता विरोध. मी हे जिथं बोलतो तिथं जाणते लोक एकच सांगतात, अरे बाबा, वर्षभर कोकरं असली की अडीनडीला एक-दोन बाजाराला नेऊन पैसा होतो, दवाखाना, पोराची फी, लग्नाचा आहेर, सगळं असंच भागतं, तुझं सगळं एकदम आलं तर जुलै-ऑगस्टात आम्ही काय विकायचं? हा मुद्दा खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. पण हिशोब करा. अडीनडीला जे कोकरू नेता ते अर्धवट वाढलेलं असतं, व्यापाऱ्याला तुमची नड चेहऱ्यावर दिसते आणि तो हातावर रुमाल टाकून पाडून मागतो. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात एक माणूस तीन लहान-मोठी कोकरं घेऊन उभा असतो आणि दुसऱ्याकडं वीस एकसारखी कोकरं असतात, व्यापारी कुणाकडं आधी जातो बघा. एका मापाची वीस असली की गाडी भरते म्हणून तो वाड्यावर पण येतो. सगळी एकदम विकायला कोण सांगतंय? निम्मी नर कोकरं एप्रिलला विका, उरलेली चांगली पुढं ठेवा. आणि जी नर कोकरं मागं ठेवाल ती वेगळी ठेवा किंवा खच्ची करून घ्या, पाच-सहा महिन्यांचं नर कोकरू खांडात मोकळं राहिलं की सगळं गणित परत बिघडलं.

काहीजण म्हणतात बकरी ईद धरून वेत बसवा. ईदचा भाव चांगला असतो हे खरंय. पण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं येते, 2023 ला 29 जूनला होती, 2025 ला 7 जूनला. तिच्या मागं लागून नर सोडला तर काही वर्षांनी वेत परत उन्हाळ्यात आणि पावसात जाईल. वेत चाऱ्यावर बसवावं, बाजारावर नाही. ईदला मोठा भरलेला नर लागतो, तो आदल्या वर्षीच्या वेतातला राखून ठेवला की झालं.

ज्या मेंढ्या आर्द्रा ते आश्लेषात राहिल्या नाहीत त्यांना एक संधी दसऱ्याच्या पुढं द्यावी, वीस-एकवीस दिवस, तेव्हा त्या अंगानं भरलेल्या असतात. त्या मार्च ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत वितात, ज्वारीच्या रानावर निघून जातं. त्यात पण राहिली नाही ती मेंढी विकावी. मन लावून पाळलेलं जित्राब विकणं जड जातं, पण तिचा चारा दुसऱ्या दोघींच्या तोंडचा असतो.

नर दहा महिने ठेवायचा कुठं हा शेवटचा आणि अवघड प्रश्न. एकट्याला नाही जमत, दोन नरांच्या मागं एक माणूस कोण फिरवणार? वस्तीवरच्या आठ-दहा घरांनी आपले नर एकत्र करून एक खांड केलं आणि पाळीनं राखलं तर जमतं. पहिल्यांदा एकत्र करताना नर एकमेकांना टकरा देऊन डोकी फोडतात, त्यांना एक-दोन दिवस एवढ्या अडचणीच्या जागेत कोंडा की मागं सरून धाव घ्यायला जागाच नको, मग वास एक होतो आणि निवतात. आमच्या वस्तीवर असंच राखतात.

खात्याकडं माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. महामेष योजनेत 75 टक्के अनुदानावर 20 मेंढ्या आणि 1 नर मिळतो, सुधारित नर पण मिळतात, चांगली योजना आहे. पण नर मेंढपाळाच्या हातात मेच्या मध्यापर्यंत पडला पाहिजे. डिसेंबरात दिलेला नर सहा महिने खांडात मोकळा सुटतो आणि पावसाळ्यातली कोकरं आणतो, म्हणजे सरकारच्याच पैशानं नुकसान. लसीची शिबिरं वेताच्या हिशोबानं लावा, ईटी मेमध्ये आणि परत ऑक्टोबरात, कोकरांची पीपीआर मार्चात. जंताचं औषध 15 जूनच्या आत पोचवा, ऑगस्टात नको. मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आमच्या तालुक्यातच महूदला आहे, तिथं डिसेंबरात एक दिवस मेंढपाळांना, आणि खास करून बायकांना, बोलावून एकत्र व्यालेलं खांड डोळ्यानं दाखवा, सांगून जे पटत नाही ते बघून पटतं. अविकानगरच्या केंद्रीय मेंढी संस्थेनं माज एकत्र आणायचा स्पंज काढलाय, तो कधी इकडं सहज मिळाला तर चांगलंच, पण त्याची वाट बघत बसायची गरज नाही, नर वेगळा काढायला पैसे लागत नाहीत.

साहेब, एक विनंती. हे पत्र छापायचं झालं तर मेच्या आधी छापा. रोहिणीच्या आत नर बाजूला निघाला पाहिजे, जून उजाडल्यावर वाचून लोकांना यंदाचा उपयोग होणार नाही. आणि जमलं तर नक्षत्रांच्या तारखा यंदाच्या पंचांगातनं बघून चौकटीत द्या, लोक कात्रण कापून बिऱ्हाडाच्या पेटीत ठेवतात.

आपला,
एक मेंढपाळ
ता. सांगोला, जि. सोलापूर